शेपूटवालीला काही झालं नाही

मला फिट येतात, हे चारचौघांत सांगायला मी आता लाजत नाही. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. चोवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली मी एका उंदरावर जळत होते. उंदीर म्हणजे खराखुरा उंदीर, पांढरा, तळहातावर मावणारा. त्या जळफळाटात मी एक वाईट काम केलं, आणि त्या वाईट कामामुळे मला माझ्या आजाराचं जे कळलं ते दहा वर्षं गोळ्या खाऊनही कळलं नव्हतं.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधाचं तुमचे डॉक्टर सांगतील. मी हेव्याचं सांगते. आजाराच्या मागोमाग तोही घरात येऊन बसतो आणि त्याला कोणी गोळी देत नाही.

पाय मोडलेली मुलगी

मी चौदा वर्षांची होते. शाळेत प्रार्थना चालू होती. प्रार्थनेची दुसरी ओळ मला आठवते, तिसरी आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत फरशीवर पडले होते. नाकाला कोणीतरी चामड्याची चप्पल लावलेली, उजव्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबलेला, आणि स्कर्ट ओला. दारात निम्मी शाळा उभी होती. जीभ चावली गेली होती म्हणून मला बोलता येईना. बोलता आलं असतं तर आधी ती चप्पल काढा म्हणाले असते.

सहा दिवस मोठ्या दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात डॉक्टर आईला सांगत होते आणि दार उघडंच होतं. त्यांनी इंग्रजी नाव सांगितलं. आईला कळेना, तेव्हा म्हणाले, "मिरगी." आईनं पहिला प्रश्न विचारला, "लग्न होईल नं पोरीचं?"

"आधी गोळ्या सुरू करा," डॉक्टर म्हणाले.

शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची एक मुलगी होती. जांभळाच्या झाडावरून पडून तिचा पाय मोडला होता. तिच्या प्लास्टरवर मैत्रिणींनी नावं लिहिली होती. येणारा-जाणारा विचारायचा, "कसा मोडला गं?" आणि ती रंगवून रंगवून सांगायची. संत्री, बिस्किटं, गोष्टीची पुस्तकं यांचा तिच्या उशाशी ढीग होता. माझ्याकडे येणारे कुजबुजत यायचे आणि आईला बाहेर नेऊन बोलायचे. पहाटे थर्मामीटर, मग दूध-ब्रेड, मग डॉक्टरांची फेरी, मग दिवसभर त्या प्लास्टरकडे पाहत पडणं. पाय मोडणं हा किती देखणा आजार आहे, असं मला वाटायचं. आपला एखादा हात तरी मोडावा, अशी मी प्रार्थना केली होती.

चौथ्या दिवशी माझी धाकटी बहीण नलिनी, म्हणजे नली, मला भेटायला आली. बारा वर्षांची. वक्तृत्वात बक्षीस मिळालं म्हणून नवा फ्रॉक घालून आली होती. पाय मोडलेल्या मुलीनं तिला लगेच विचारलं, "तुझं नाव काय गं?" मी तिथे चार दिवस होते, मला तिनं नाव विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी आईनं माझ्या खाटेवर बसून विचारलं, "तुले आठवते का वं, सावनेरले झोक्यावरून पडली होती ते? नलीनंच ढकललं होतं नं तुले?"

नली खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मी तिच्या फ्रॉककडे पाहिलं आणि म्हणाले, "हाव."

झोका

ते पाच वर्षांपूर्वीचं होतं. सावनेरला मामाकडे नागपंचमीला कडुलिंबाला झोका बांधला होता. मी नऊ वर्षांची, नली सात. दोघी पाटावर समोरासमोर उभ्या राहून झोका घेत होतो, तिचे पाय माझ्या पायांच्या बाहेरून. मी खाली दगडावर पडले. कानाच्या वर चार टाके पडले. झोका आठवत होता, पण पडणं मला आठवत नव्हतं, तेव्हाही आणि चौदाव्या वर्षीही. नलीनं मागून ढकललं असं घरात म्हटलं जायचं, आणि ती नाही-नाही म्हणून रडली होती म्हणे. आता मी "हाव" म्हटल्यावर प्रश्नच मिटला. आजाराला कारण मिळालं. कारण मिळालं की घरच्यांना फार बरं वाटतं.

नली त्या दिवसानंतर "नाही" म्हणाली नाही. तिनं माझं डावं मनगट धरलं ते धरलंच. हात धरायची नाही, मनगट. रस्त्यानं नेहमी गाड्यांच्या बाजूनं ती चालायची. मी न्हाणीघरात गेले की बाहेर पाटावर बसून काहीबाही बडबडायची, कारण कडी लावायची मला बंदी होती आणि मी उत्तर देते आहे याची तिला खात्री हवी असायची. चुलीपाशी ती, विहिरीपाशी ती. सायकल ती शिकली, पुऱ्या ती तळायची, बी.ए. होऊन शाळेत मास्तरीण झाली. मला आगीपासून, पाण्यापासून आणि उंचीपासून लांब ठेवलं होतं. उरलं काय, तर पाट, पुस्तक आणि गोळी. गोळीनं हिरड्या सुजायच्या, म्हणून मी ओठ मिटून हसायला शिकले.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत आम्हांला सगळे ओळखत. बाबा गार्ड होते, दिवसचे दिवस लाइनवर. फिटचं मात्र कोणाला माहीत नव्हतं. "हिले चक्कर येते," एवढंच आई सांगायची, शाळेतल्या पडण्याबद्दलही. तेव्हा लग्नाच्या कायद्यातही फिटवाल्यांचं नाव वेड्यांच्या शेजारी लिहिलेलं होतं, त्यामुळे आईला मी दोष देत नाही. पण नलीची स्तुती माझ्या कानांवर रोज पडायची. "नली म्हणजे देवमाणूस आहे वं, बहिणीले किती जपते!" मी मनात म्हणायची, जपेल नाहीतर काय, तिनंच केलं आहे. आणि ते खरं की खोटं, हे मला माहीतच नव्हतं. आपल्याला माहीत नाही, हेही आत कुठेतरी ठाऊक होतं.

उंदरांचा कूलर

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. एका कॉलेजच्या औषधशास्त्र विभागात मला प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली. अर्जात 'काही आजार?' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. आधीच्या बाई लग्न होऊन गेल्या म्हणून जागा रिकामी होती. जागा मिळाल्याचा आनंद मला अर्धाच झाला.

विभागात ठवकर सर होते. कमी बोलणारे, डोक्यावर केस कमी, बोलायच्या आधी चष्मा पुसायची सवय. पहिल्या दिवशी मला उंदरांच्या खोलीत नेऊन ते म्हणाले, "मेंदूत मिरगी तयार कशी होते, ते आपण पाहतो आहोत. मी आजारी उंदीर आणत नाही. धडधाकट उंदीर घेतो आणि तो कसकसा आजारी होत जातो ते नोंदवतो."

इतक्या नोकऱ्या सोडून ही माझ्याच वाट्याला यावी!

पद्धत अशी होती. झटके आणणारं एक औषध, आम्ही त्याला पीटीझेड म्हणत असू, एक दिवसाआड अगदी थोडं थोडं पोटात टोचायचं आणि अर्धा तास घड्याळ लावून बघत बसायचं. काही झालं नाही तर शून्य. कान-मिशा थरथरल्या तर एक. असं करत पूर्ण फिटला पाच. प्रत्येक पिंजऱ्यात एका वेताच्या दोन बहिणी असायच्या. एकीला औषध, दुसरीला नुसतं मिठाचं पाणी, म्हणजे फरक कळतो. ओळखायला पिवळ्या रंगाचा ठिपका लावायचा, एकीच्या डोक्यावर आणि दुसरीच्या शेपटीला. सातव्या पिंजऱ्यातल्या दोघींना मी डोकेवाली आणि शेपूटवाली म्हणू लागले. औषध डोकेवालीला होतं.

मी रुजू झाले तो सहावा आठवडा होता. त्यामुळे मी पाहिले ते तयार झालेले उंदीर. सुई दिली की पाच-सात मिनिटांत डोकेवाली मागच्या पायांवर उभी राहायची, पुढचे पाय हवेत झपझप चालायचे, मग ती आडवी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. मी बाहेरून अशी दिसते तर!

दुसऱ्यांदा पाहिलं आणि मला राग आला. डोकेवाली पडली की सर स्वतः यायचे. बोट ओठांवर ठेवून सगळ्यांना गप्प करायचे. "हात लावू नका. तिची ती उठेल," म्हणायचे. खाली मऊ भुसा होता. आवाज नाही, गर्दी नाही, कोणी चप्पल हुंगवत नाही, कोणी दारात उभं राहून बघत नाही. उठल्यावर भिजवलेले चणे. आणि तिच्या प्रत्येक फिटची वेळ, लांबी, आकडा सुंदर अक्षरात वहीत. माझ्या दहा वर्षांच्या फिटांची कोणी एक ओळ लिहून ठेवली नव्हती. उलट झाली की लपवायची आणि ओली चादर धुऊन क्वार्टराच्या मागच्या बाजूला वाळत घालायची. एप्रिलमध्ये तर सरांनी भांडून त्या खोलीला वाळ्याचा कूलर मिळवला. आम्ही माणसं बाहेर घामानं निथळत होतो. मी उगाच दहादा उंदरांचे चणे मोजायला आत जायची.

तिथले सेवक गोमाजी पन्नाशीचे, शांत, मूळचे भिवापूरकडचे. एकदा मी परीक्षानळी हातात धरून तशीच दोन मिनिटं टक लावून उभी राहिले. भानावर आले तेव्हा नळी त्यांच्या हातात होती. ते म्हणाले, "बाई, पाणी पिऊन घ्या," आणि पुढे एक शब्द नाही. त्यांना कळलं होतं. त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी त्यांचे आभार मानते.

सुई

डोकेवालीचा हेवा एक वेळ समजेल. खरी डोळ्यात खुपायला लागली ती शेपूटवाली. एकाच आईच्या पोटची, एकाच पिंजऱ्यात, तेच चणे, तेच पाणी. सुईसुद्धा दोघींना एकाच वेळी. पण हिच्या सुईत मीठ. टोचलं की अंग झटकायची आणि चण्याकडे पळायची. बहीण पडली की येऊन हुंगायची आणि तिच्या अंगाला अंग लावून बसून राहायची. मी तिच्याकडे पाहिलं की मला नली दिसायची.

मे महिन्याच्या एका मंगळवारी नलीला भंडाऱ्याचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, दिसायला बरा, हसरा. त्यांनी मुलगी पसंत केली, "आठ दिवसांत कळवा" म्हणाले आणि गेले. ते गेल्यावर नली कपबशा उचलता उचलता म्हणाली, "मी नाही करत. ताईचं झाल्याबिगर मी करणारच नाही."

हे तिसरं स्थळ होतं. आई रडायला लागली. बाबा टोपी घालून ड्यूटीवर गेले.

मी काय केलं? मी मनात खूश झाले. स्वच्छ सांगते, मला आनंद झाला. आणि त्या आनंदावर लगेच दुसरा जळफळाट चढला, कारण शेजारीण दारातून म्हणत होती, "अवं माय, असा त्याग कोण करते आजकाल!" नवरा नाकारून मोठेपणाही तिलाच. मला तर नाकारायलाही कोणी आणून देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुईचा वार होता. सर मीटिंगला गेले होते. मी डोकेवालीला टोचलं. ती पडली, पाच. मग शेपूटवालीला हातात घेतलं. ती माझ्या अंगठ्याला नाक घासत होती. मी मिठाच्या बाटलीकडे गेलेला हात वळवला आणि सुई पीटीझेडच्या बाटलीतून भरली. मनात म्हटलं, घे, तुलाही कळू दे.

गोमाजी मागे पिंजरे धूत होते. "काहून बाई, तिले तं मिठाचं देता नं?"

"तुम्ही तुमचं काम करा," मी म्हणाले. असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

घड्याळ लावलं. पाच मिनिटं. दहा. शेपूटवालीनं पुढचे दोन्ही पंजे तोंडावरून फिरवले, कान साफ केले, एक चणा उचलला आणि बसून खाल्ला. वीस मिनिटं. तीस. कान हलला नाही, मिशी थरथरली नाही. तेच औषध, तेवढंच. तासाभरापूर्वी तिच्या बहिणीला त्यानंच पाडलं होतं.

गोमाजी हात पुसत आले. "काय पाहून राहिल्या बाई? पहिल्या सुईनं कोणालेच काही होत नाही. त्या आधीच्या बाई होत्या नं, तवा दोन हप्ते आम्ही नुसतं पाहत बसलो. एक उंदीर हालेना. बाई म्हणे, औषध नकली आहे."

मी वही उघडली. सहाव्या आठवड्यापासून पुढचीच पानं मी पाहिली होती. मागची पानं उलटायचं मला कधी सुचलं नव्हतं. आधीच्या बाईंचं गोल गोल अक्षर होतं. सातवा पिंजरा, डोकेवाली: शून्य. शून्य. शून्य. शून्य. शून्य. मग 'कान हलला', एक. मग परत शून्य. मग एक, एक, दोन. असं चढत चढत चार. त्याखाली, 'सर परीक्षेला बाहेरगावी, दहा दिवस सुई नाही.' आणि दहा दिवसांनी त्याच थोड्या औषधाला पहिल्याच दिवशी, चार.

आमच्या क्वार्टरामागे गवतातून एक पायवाट होती. कोणी एक दिवस चालून गेलं म्हणून ती पडली नव्हती, आणि दहा दिवस कोणी गेलं नाही म्हणून बुजतही नव्हती. शून्य लिहिलेल्या दिवसांतसुद्धा डोकेवालीच्या मेंदूत काहीतरी चाललंच होतं. बाहेरून ती चणे खात होती.

आणि माझी फिट? ती प्रार्थनेच्या दिवशी आली असं सगळे म्हणत. एका ढकलण्यानं आली असं सगळे म्हणत. माझी मागची पानं कोणी पाहिली होती?

लाल पेन्सिल

दुपारी सर आले. मी उभी राहिले. "सर, सात नंबरच्या शेपूटवालीला मी आज पीटीझेड दिलं."

त्यांनी चष्मा पुसला. "चुकून?"

"मुद्दाम."

त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि त्या उंदराच्या सगळ्या नोंदींवर एक लांब रेघ मारली. अनेक आठवड्यांच्या नोंदी होत्या. "बाद," म्हणाले. मग, "का?"

"मला फिट येतात, सर. दहा वर्षं झाली. माझी बहीण मात्र..."

मला वाटलं, ते दया करतील. ते भडकले. "आणि मी तुम्हाला बर्नरपाशी एकटं ठेवत होतो? तुम्ही भाजून मेला असता म्हणजे? तुम्हाला कळतं का?" त्यांचा आवाज इतका चढला की गोमाजी दारात आले. माझ्या फिटवरून कोणी माझ्यासाठी घाबरून ओरडलं, ते पहिल्यांदाच. घरी सगळे घाबरायचे ते लोकांना कळेल म्हणून.

शांत झाल्यावर मी त्यांना झोक्याचं विचारलं. ते म्हणाले, "उंदरावरून माणसाचं असं सरळ काढता येत नाही. डोक्याच्या मारानं फिट येऊ शकतात. पण मला सांगा, त्या पडण्याच्या आधी काही होतं का?"

"आठवत नाही."

"तुम्हाला नाहीच आठवणार. ज्यांच्यासमोर वाढलात त्यांना विचारा." त्यांनी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. नोकरीचं विचारायची माझी हिंमत नव्हती. तेच म्हणाले, "उद्यापासून बर्नर गोमाजीकडे. सुया माझ्याकडे. तुम्ही वही लिहा. अक्षर बरं आहे."

आईची पानं

शुक्रवारी मी आईला घेऊन रामदासपेठेत गेले. डोक्याला मलम लावून तारा चिकटवल्या, कागदाची लांबच लांब पट्टी निघाली. माझी फिट लिहून ठेवणारं कोणी भेटलं म्हणून मी त्या रेघोट्यांकडे कौतुकानं पाहत होते. मग डॉक्टरांनी आईला विचारलं, "लहानपणी तापात कधी झटके आले होते?"

"नाही जी."

डॉक्टर लिहीत राहिले. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "एकदा आलते," ती म्हणाली. "अकरा महिन्यांची होती. सावनेरले माह्या माहेरी. ताप डोक्यात गेला. वैद्य येईपर्यंत पोर झटके देऊनच राहिली होती, अर्धा घंटा तरी. मी कोणालेच सांगितलं नाही. सासरी समजलं असतं तं मलेच बोल लावला असता."

"त्यानंतर?"

"त्यानंतर काही नाही. फक्त कधी कधी घास हातात तसाच राहे हिचा. डोळे उघडे, पण ऐकत नव्हती. आम्ही हसत होतो, पोरीची समाधी लागली म्हणत होतो."

शून्य, शून्य, कान हलला, एक. मी मनात लिहीत होते.

"आणि झोक्यावरून पडली ते कोणी पाहिलं?"

"नलीनं. ती म्हणे, ताईचे डोळे उघडे होते अन् तिनं आपोआप दोर सोडला. मले वाटलं, खोटं बोलून राहिली. दोन थापडा मारल्या मी तिले."

डॉक्टर म्हणाले, "खात्रीनं मी सांगणार नाही. पण डोळे उघडे ठेवून दोर सोडला म्हणता, तर फिट तेव्हाच आली असेल. पडली म्हणून फिट आली नसेल, फिट आली म्हणून पडली असेल." त्यांनी माझं औषध बदललं. ते मला मानवलं. फिट अजून येते, पण वर्षातून एखादी, आणि हिरड्या बऱ्या आहेत.

बसमध्ये आई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "नलीले काही सांगू नको आता. झालं ते झालं."

शनिवारी सांगितलं नाही. रविवारीही नाही. नली न्हाणीघराबाहेर बसून शाळेतल्या पोरींच्या गमती सांगत होती आणि मी आतून "हं, हं" करत होते. अंगावर पाणी घेताना मी विचार करत होते: हिला कळलं की ही भंडाऱ्याला जाणार. मग या दाराबाहेर कोण बसेल? तिचं सगळंच मला हवंसं वाटायचं. फ्रॉक, सायकल, बक्षीस, नाकारलेलं स्थळसुद्धा. तिचा हात तेवढा माझ्याकडे होता, आणि तो एका "हाव"च्या जोरावर.

चौक

सोमवारी दुपारी आम्ही सीताबर्डीला निघालो. बाबांनी भंडाऱ्याला नकार लिहिला होता, निळं अंतर्देशीय पत्र. ते नलीच्या पर्समध्ये होतं. चौकापलीकडच्या पेटीत टाकून मग दोरे-बटणं घ्यायची होती. ऊन मरणाचं होतं. नली नेहमीसारखी गाड्यांच्या बाजूनं, माझं मनगट घामेजल्या बोटांत. एक सायकलरिक्षा खेटून गेली आणि तिचं कोपर सोललं. रक्त आलं. तिनं कोपराकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले लागलं नाही नं?"

मला ते सहन झालं नाही.

"नले," मी म्हणाले, "तू मले ढकललं नव्हतं."

"काय?"

"झोक्यावरून. मले तवाच फिट आली असन, असं डॉक्टर म्हणे. त्याच्याही आधीपासून येऊन राहिल्या होत्या. अन् दवाखान्यात मी हाव म्हटलं, ते खोटं. मले पडल्याचं काहीच आठवत नव्हतं. तुह्या अंगावर नवा फ्रॉक होता म्हणून म्हटलं."

ती तिथेच उभी राहिली. लोक आम्हांला धक्के देत जात होते. "कवा समजलं तुले?"

"शुक्रवारी."

"आज सोमवार आहे."

"हाव."

"मले तं दिसते वं ते," ती हळू आवाजात म्हणाली. "माह्ये दोन्ही हात तुह्या पाठीवर. मी रोज पाहतो. पोरी शाळेत झोका घेतात, तवा पाहतो."

"नले, आपण समोरासमोर उभ्या होतो."

तिनं माझं मनगट सोडलं, आपले दोन्ही हात छातीसमोर धरले आणि जणू माझ्या पाठीपर्यंत पोचतात का ते पाहत होती तशी हातांकडे पाहत राहिली. पोचत नव्हते. दहा वर्षं तिनं जे पाहिलं ते होऊच शकत नव्हतं.

"दहा वर्षं," ती म्हणाली. रडली नाही. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती वळली, गाड्यांमधून वाट काढत झपाझप रस्ता ओलांडून गेली, आणि पलीकडे पेटीपाशी जाऊन पर्समधून ते निळं पत्र काढलं.

मी ओरडले, "नले! टाकू नको!"

ती थांबली. पत्र अर्धं पेटीच्या तोंडात होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिथूनच ओरडून म्हणाली, "काहून नको? आता काय फरक पडते? तुले काय पाहिजे, ते तरी सांग एकदा!"

मला काय पाहिजे होतं, ते मला माहीत होतं. तिनं परत यावं आणि माझं मनगट धरावं. पत्र पेटीत पडलं असतं तर ते मला आयुष्यभर मिळालं असतं. नुसतं गप्प उभं राहिलं की झालं होतं.

मी पाऊल खाली टाकलं. चौदा वर्षांची असल्यापासून मी असा वाहता चौक एकटीनं ओलांडला नव्हता. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, एक टांगा जाऊ दिला, एक स्कूटर जाऊ दिली. मधोमध पोचले तेव्हाही पाय माझेच होते. नली पेटीपाशी उभी होती. तिचा एक पाय सवयीनं फुटपाथावरून खाली आला होता. तिनं तो परत वर घेतला आणि मला येऊ दिलं.

मी तिच्या हातातून पत्र घेतलं आणि फाडलं. फाडताना माझ्या डाव्या मनगटाकडे लक्ष गेलं. तिच्या बोटांचे लाल वळ अजून तिथे होते. बटणं घेऊन आम्ही बसथांब्यावर आलो, तोवर ते पुसट झाले होते.